वस्तरा

फोनमध्ये नुसती खरखर होती. तिच्या कानावर धड दोनच शब्द पडले.

“...केस गेली.”

हातातली काचेची ताटली सिंकमध्ये पडून फुटली. पलीकडून वॉर्डातली नर्स अजून काहीतरी बोलत होती, पण ते ऐकायला ही भानावर होती कुठे? तिनं फोन कट केला. मग बंदच करून टाकला. आता आईचा येणार, आणि आईला सांगायचं कोणत्या तोंडानं?

केस म्हणे! अहो, पाठची बहीण होती ती. हिच्या कडेवर वाढलेली, हिचे फ्रॉक वापरलेली, हिच्याशी कडाकडा भांडणारी. पण त्या वॉर्डात माणसाला नाव नसतंच. खिडकीजवळची केस, काल आलेली केस, टाके पिकलेली केस. तिला आधी संताप आला. रडू नंतर.

टकलावर केस उगवायचं औषध शोधणं ही तिची नोकरी. मातीतल्या एका बुरशीपासून तिनं अर्क काढला, मोठ्या आशेनं उंदरांना टोचला, आणि उंदीर गुळगुळीत झाले. मिशासुद्धा राहिल्या नाहीत. अख्खी लॅब पोट धरून हसली. औषधाचं नाव पडलं ‘वस्तरा’. साहेब म्हणाले, “फेकून द्या ते. आपल्याला काय सलून काढायचंय?”

तिनं फेकलं नाही. तिच्या नजरेनं एक गोष्ट टिपली होती. पिंजऱ्यात उंदीर एकमेकांना चावतात आणि त्या जखमा चिघळतात. या टकल्यांची एकही जखम चिघळत नव्हती. मग तिनं ताटल्यांमध्ये जंतू वाढवले, तेही भलतेच निबर, कुठल्याच औषधाला दाद न देणारे. वरून वस्तऱ्याचा एकेक थेंब सोडला. थेंबाभोवती जंतूंचा मागमूस उरला नाही. धावत साहेबांकडे गेली, तर ते म्हणाले, जंतू मारणं हे आपलं खातं नाही. बाटली फ्रीजमध्ये मागे सरकवून ती गप्प बसली.

आणि मग धाकटीचं अपेंडिक्स निघालं. साधं ऑपरेशन. पण टाक्यांतून जंतू शिरले आणि रक्तात गेले. होती नव्हती ती औषधं झाली. ताप हटेना, धाकटी कुणाला ओळखेना. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा बाटली घेऊन ही त्यांच्यापुढे उभी राहिली. उंदरांचं काय काय झालं ते सगळं सांगितलं, टकलासकट. डॉक्टरांनी वरिष्ठांची परवानगी कशीबशी मिळवली. आता फक्त आईचा होकार हवा होता.

“उंदरांचं औषध माझ्या लेकीला?” आई म्हणाली.

“आई, माझ्यावर विश्वास ठेव. तिच्या केसालासुद्धा धक्का लागू देणार नाही.”

आई हो म्हणाली. डॉक्टरांवर नाही, औषधावर नाही, थोरलीवर भरवसा ठेवून.

परवा धाकटीला वस्तरा टोचला, आणि आज हा फोन. हॉस्पिटल जवळच होतं. ती चालत निघाली, मग पळत सुटली. सिग्नल लाल होता की हिरवा, देव जाणे. एका सायकलवाल्यानं करकचून ब्रेक दाबला आणि शिवी हासडली. तिला बरं वाटलं. आणखी चारचौघांनी हासडायला हव्या होत्या. केसानं गळा कापणं म्हणतात ते आणखी काय असतं? थोडी कळ काढली असती तर? ताप कदाचित आपोआप उतरला असता. घाई कुणाला होती? हिलाच. आणि ती घाई बहिणीसाठीच होती ना? की वस्तरा एकदाचा खरा ठरावा, साहेबांचं तोंड बंद व्हावं, म्हणून होती?

हा विचार आला आणि ती पळता पळता थांबली. औषधाच्या दुकानाच्या शटरला धरून ती थोडा वेळ उभीच राहिली. लोक बाजूनं जात होते.

लिफ्टसाठी न थांबता ती जिना चढली. वॉर्डाच्या दारात नर्स समोर आली. तिच्या हातात खाटेवरून काढलेली चादर आणि उशीचा अभ्रा होता, गोळा करून छातीशी धरलेला. ते पाहिलं आणि उरलीसुरली आशाही मावळली.

“मी मारलं तिला,” ती म्हणाली. तिला हळू बोलायचं होतं, पण आवाज मोठा निघाला. बाकावरच्या माणसांनी माना वर केल्या.

“कुणाला?” नर्सनं विचारलं.

“असं काय करता? तुम्हीच फोन केलात ना, केस गेली म्हणून?”

 नर्सनं कपाळावर हात मारून घेतला.

“अहो ताई, केस नव्हे, केसं! केसं गेली. आख्खी वेणी उशीवर राहिली बघा. ताप उतरलाय, बाईसाहेबांच्या तोंडाचा पट्टा मघापासून थांबत नाहीये, आणि आता आरसा मागतायत. देऊ का नको, एवढंच विचारायला फोन केला होता.”