ओटीची साडी

पंचगंगेला पाणी चढलं, तशी आमच्या अपार्टमेंटच्या संयोगितावहिनींनी घाटावर जाऊन नदीची ओटी भरली. हिरवी काठाची साडी पाण्यात सोडली आणि ती भिजायच्या आत फोटो स्टेटसला टाकला. सगळ्या बिल्डिंगनं हात जोडले.

आठवड्यानं बिल्डिंगची झाडलोट करणारी यल्लव्वा त्याच साडीच्या पदराचं फडकं करून आमचा जिना पुसताना दिसली. वहिनींनी काठ ओळखला आणि आरडून चारही मजले गोळा केले.

"चोरटी कुठली! गंगामाईला वाहिलेलं उचलून आणलंस?"

"घाटाच्या पायरीला अडकून कुजत पडलती, वहिनी. टाकलेलं उचललं, त्यात चोरी कसली?"

"टाकलेली न्हाय, वाहिलेली! नदीची वस्तू हाय ती. उद्यापासून जिन्याला हात लावायचा न्हाय."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. देवाच्या मालमत्तेचा आमच्या बिल्डिंगला फार कळवळा. जिन्याचा बल्ब बदलायला सहा महिने लावणाऱ्या चेअरमननी पोलिसांना फोन लावायला मात्र सहा सेकंदही घेतले नाहीत.

यल्लव्वानं फडकं बादलीत पिळलं, झटकलं आणि सगळ्यांसमोर उलगडून धरलं. पदराच्या मधोमध इस्त्रीनं जळालेलं तळहाताएवढं भोक होतं.



"दिवाळीला तुमी मला दिलती ती हीच की, वहिनी. असली कशी नेसू म्हणून मीच परत केलती."