मारुतीचा हात

पाठीवर गाठोडं घेऊन गावोगाव कापड विकणाऱ्याला तेव्हा कुरवंड्यात चाटी म्हणत. त्याचं नाव विचारायची पद्धत नव्हती, आणि त्याच्या हातानं कापड मोजून घ्यायचीही नव्हती. चाटी आला की बायका मारुतीला बोलवायच्या, कारण कोपरापासून बोटापर्यंत एवढा लांब हात गावात दुसरा नव्हता. मारुती मोजायला बसला की चाटी कपाळाला हात लावायचा आणि मारुती मिशीला.

पुढं मारुतीची बोटं वातानं आत वळली. त्याच वर्षी चाटी लोणावळ्याहून सरकारी शिक्क्याचा लोखंडी गज घेऊन आला. बायकांनी गज निरखला, एकमेकींकडं पाहिलं आणि मुकाट्यानं गजानं कापड घेतलं. मारुती ओट्यावरच बसून होता. त्याला कुणी हाक मारली नाही.

शेवटी त्याची बायको अंबूबाई पुढं झाली.

"चोळीला दोन हात फाडा."

चाटीनं गज उचलला.

"त्यो ठिवा तिकडं. आमच्यात ह्यांच्या हातानं मोजत्यात."

चाटी हळूच म्हणाला, "मावशी, गजानं जास्त भरेल. तुमचंच नुकसान आहे."

"तुमचा फायदा हाय न्हवं? मग गप बसा."

मारुतीनं वळलेली बोटं ताणत दोन हात मोजून दिले.

त्या वर्षी अंबूबाईची चोळी दंडावर चांगलीच आखूड झाली. कुणी हसलं, की ती म्हणायची, "मेल्या चाटीनं फशिवलं!"