मेंढीची लोकर

"आजोबा, आधी गोल काढा!" बालवाडीतल्या चिमुरडीनं चित्रांचं पुस्तक त्यांच्या मांडीवर आपटलं. मोठा गोल, छोटा गोल, चार रेघा, की झाली मेंढी.

बालवाडीच्या बाई म्हणजे त्यांची सून. तासाभरासाठी मुलं सासऱ्यांवर सोपवून गेलेली. गावातल्या अर्ध्या दुकानांच्या पाट्या त्यांनी रंगवलेल्या, उरलेल्या अर्ध्यांना ते नावं ठेवत. पण हात थरथरू लागल्यापासून ब्रश माळ्यावर होता. कुणी विचारलं तर म्हणत, "कंटाळा आला बुवा!"

एवढे डोळे रोखलेले पाहून खडू उचलावाच लागला. एका झटक्यात वाटोळा गोल काढणारा हात फळ्यावर लटलट कापला. वेडीवाकडी रेघ कशीबशी फिरून जागेवर आली. ओशाळून त्यांनी फडकं उचललं.

"पुसू नका! केवढी लोकर आहे हिला!" पोरं ओरडली.

थोड्या वेळानं तीच चिमुरडी रडवेली होऊन पाटी घेऊन आली. गोल अगदी गुळगुळीत जमला होता.

"माझी मेंढी टकली झाली. मला तुमच्यासारखा हात हलवायला शिकवा ना!"

पेन्सिल धरलेली तिची मूठ त्यांनी आपल्या मुठीत घेतली. बाकी काहीच करावं लागलं नाही.