गोदूची गोळी

विजयाच्या गाठीत काही बदल नाही, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा तिला आधी बरंच वाटलं. बदल नाही म्हणजे चांगलंच ना? मग त्यांनी समजावून सांगितलं. दोघी बहिणींचा छातीतला कॅन्सर मेंदूत गेला होता. दोघींच्या डोक्यातून काढलेला तुकडा तपासला होता. मेंदूत गेल्यावर गाठीतली काही जीन नव्यानं जागी होतात. धाकट्या गोदूच्या गाठीत असं एक जागं झालं होतं आणि नेमकी त्यावर चालणारी गोळी मिळत होती. विजयाच्या गाठीत ते झोपलेलंच होतं. तिला त्या गोळीचा काडीचा उपयोग नव्हता, आणि दुसरं काही उरलंही नव्हतं.

तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरी येईपर्यंत विजयाच्या डोक्यात तेच घोळत होतं. दोघी सख्ख्या बहिणी, सख्ख्या भावांना दिलेल्या, एकाच घरात नांदलेल्या. दुखणं मेलं तेही सारखंच आलं. मग हिचीच गाठ एवढी गुणाची कशी निघाली? एक तुपाशी, एक उपाशी! विजयाचा नुसता जळफळाट होत होता. बहीण जगणार याचा आनंद व्हायला हवा, हे तिला कळत होतं. होत नव्हता, त्याला ती तरी काय करणार?

जेवणं झाल्यावर गोदू पहिली गोळी घेऊन तिच्या पलंगावर येऊन बसली. गोळी तोडायची नाही, एकही चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी तिला बजावून सांगितलं होतं. तिनं ती अडकित्त्यात धरली आणि कटकन दोन तुकडे केले. मोठा तुकडा थोरलीपुढे धरला. माहेरी खाऊची वाटणी अशीच व्हायची.

“डॉक्टरले काय समजते?” गोदू म्हणाली. “एका मायच्या पोटच्या आपण. मले लागू पडते, तर तुले काहून नाही पडणार?”

विजयाला सगळं समजलं होतं. आपल्याला ही अर्धी फुकट आणि गोदूला उरलेली अर्धी अपुरी, हेही. नुसतं ‘नको’ म्हटलं असतं तरी पुरे होतं. तिनं हात पुढे केला आणि तुकडा पाण्याबरोबर गिळून टाकला.

गोदू तिच्या तोंडाकडे पाहत होती. काही वाटून राहिलं का, असं तिनं हळूच विचारलं.

“हव, बरं वाटते,” विजया म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. “उद्या बी आणजो.”