आक्काच्या वाटणीचं पुरण

संपतने आक्काच्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली आणि तिच्यावर वाटीभर तूप ओतलं.

"पुरे रे," आक्का म्हणाली.

"आज तुझं चालणार न्हाई."

पोळा होता. संपतने जालन्यात मस्तगडला घर बांधलं, त्यातला हा पहिला सण. पिंपळगावाहून भाऊ भुजंग आला होता, परतूरहून बहिणी आल्या होत्या. पण पाटावर एकट्या थोरल्या आक्काला बसवलं होतं. आधी ती जेवणार, मग बाकीचे. संपतनेच तसं ठरवलं होतं.

लहानपणी घरात आठ भावंडं. आई डाळ मुठीने मोजून शिजत घालायची. माणशी एकच पोळी. डाळीचं पाणीही वाया जात नसे. त्याची आमटी दुसऱ्या दिवशीही भाकरीबरोबर चालायची. आक्का आपल्या पोळीचे तुकडे करून धाकट्यांना वाटायची आणि आमटी-भाकर घेऊन चुलीपाशी बसायची. मला गोड आवडत नाही, म्हणायची. तेव्हा सगळ्यांना ते खरंच वाटलं. त्यामागचं कळायला संपतला स्वतःची लेकरं व्हावी लागली. मग तो लेकरांच्या शाळेत, पाहुण्यारावळ्यांत, जिथे तिथे अभिमानाने सांगत सुटला, की आमची आक्का अशी.

आक्काने आमटीकडे हात नेला. संपतने वाटीच उचलून घेतली.

"आमटीवर लई दिवस काढले तू. आज फक्त पोळी."

आक्काने त्याच्याकडे पाहिलं, मग भोवतीच्या चेहऱ्यांकडे. सगळे तिच्या घासाकडे डोळे लावून होते. ती मान खाली घालून खाऊ लागली. घासागणिक पाणी पीत होती. मधेच तिचे डोळे भरून आले. भुजंगला ते बघवेना. त्याने तोंड फिरवलं.

शेवटचा घास संपला. ताटात कणही उरला नाही. संपत तिच्या पाया पडला.

"जेवलीस ना पोटभर?"

"जेवले रे, बाबा." त्याच्या डोक्यावरून हात फिरवून ती ताट घेऊन आत गेली.

संपतची बायको बेबीनंदा ओट्याशी पोळ्या लाटत होती. आक्काने दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाली, "नंदा, पोरं लई खुशीत हायेत, त्यांना कळू देऊ नको. पण जल्दी एक भाकर अन् मिरचीचा ठेचा दे. मला गोडाची लहानपणापासून शिसारी हाये."