बेबाबाईचं फिरणं

वाघ वाटेवरच बसला होता.

कपाशीच्या दोन शेतांमधली गाडवाट जिथे वळते, तिथे. आधी बेबाबाईला वाटलं, कुणाचं पोतं पडलंय. मग पोत्यानं शेपटी हलवली. पेपरवाले त्याला बिबट्या म्हणत, गाव वाघच म्हणायचं. नावानं काय, दात तेच.

बेबाबाई होती तिथे थांबली. पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, वाकायचं नाही, हे एव्हाना शिंदखेड्याकडच्या शेंबड्या पोरालाही पाठ झालं होतं. पण पाठ असणं वेगळं आणि पाय जागेवर राहणं वेगळं. हातात काठी होती, ती कुत्र्यांच्या धाकानं घेतलेली, आणि गावातली कुत्री तर या बाबानंच संपवत आणली होती.

एवढ्या पहाटे ती इथे आली होती ती घड्याळापायी. देवपूरच्या डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं, तेव्हा पुण्याला असणाऱ्या तिच्या लेकानं, योगराजनं, दिवाळीला साडी आणली नाही, मिठाई तर नाहीच नाही. हे घड्याळ आणलं. सुनेनं, डिंपलनं, मोबाइलवर शोधशोध शोधून ते निवडलं होतं. साडी कपाटात पडून राहते आई, हे अंगावर राहील, असं ती म्हणाली होती. आई किती चालली, छातीचे ठोके किती पडले, ते सगळं तिकडे पुण्यात योगराजला दिसायचं. पावलं कमी भरली की संध्याकाळी फोन ठरलेला. बेबाबाईचे यजमान नथ्थूआबा म्हणायचे, म्हशीच्या पायात बांध ते, पावलंच पावलं होतील. पण लेकाला फसवणं तिच्या जिवावर यायचं. अंगणात फेऱ्या मारून पाहिल्या, तर गरगरायला लागलं. मग आबा धार काढायला बसले की ती गुपचूप वाटेला लागायची.

दिवाळीची पाहुणे मंडळी गेली आणि आठवड्याभरात शेजारच्या जीवरामचं वासरू वाघानं नेलं. ते मात्र तिनं योगराजला सांगितलं नव्हतं. डिंपल पाल दिसली तरी पलंगावर चढणारी. तिच्या कानावर वाघ गेला असता तर नाताळच्या सुट्टीत नातू कसला येतोय? लेकाशी खोटं बोलवत नव्हतं आणि खरंही बोलवत नव्हतं, अशी तिची गत.

वाघ उठला. सावकाश अंग ताणलं. बेबाबाईच्या छातीत अशी धडधड सुरू झाली, की ती त्याला ऐकू जाईल असं तिला वाटलं. कानबाई देवीचं नाव घ्यावं तर तेही तोंडात येईना. आणि नेमकं तेव्हाच मनगटावरचं घड्याळ थरथरलं, लख्ख उजळलं. उभ्या उभ्या ठोके वाढले, की ते असं करायचं.

वाघानं कान टवकारले. तिच्याकडे पाहिलं. तिनं दुसऱ्या हातानं घड्याळ दाबून धरलं, रडणाऱ्या पोराचं तोंड दाबावं तसं. आज आपण संपलो, एवढंच तिच्या मनात आलं.

मग त्यानं मान वळवली आणि तो कपाशीत शिरला. झाडं हलत गेली. थोड्या वेळानं हलायची थांबली. तो पुढे गेला की आत बसून राहिला, ते काही कळेना, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती.

घरी कशी पोचली, ते तिला सांगता आलं नसतं. ओट्यावर टेकली तेव्हा एका पायात चप्पल नव्हती. तेवढ्यात फोन वाजला. योगराजचाच होता.

तो भलताच खुशीत होता. आज आईचे ठोके मस्त वर गेले होते, शेवटी शेवटी तर ती चक्क धावल्यासारखी चालली होती. डॉक्टरांना असंच पाहिजे असतं, असं तो सांगत राहिला. डिंपलनंही शाबासकी द्यायला सांगितली होती. बेबाबाई नुसती हूं हूं करत होती. मग त्यानं विचारलं, बरी आहेस ना?

“बठ्ठं बरं शे,” ती म्हणाली.

मग त्यानं ठेवणीतली बातमी काढली. सुट्टीची तिकिटं झाली होती. पोरगं दिवसभर मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसतं, म्हणून त्यालाही नाताळची भेट तशीच घेतली होती. पळायचे बूट, टाचेत दिवे लागणारे. पण एका अटीवर. गावी गेल्यावर रोज पहाटे आजीबरोबर फिरायला जायचं. पोरानं बापाच्या हातून फोन ओढून घेतला.

“आजी, मी तुझ्या पुढे पळणार.”

वाघासमोर उभी होती तेव्हाही बेबाबाई एवढी भ्यायली नव्हती. आता गप्प राहिलं की झालं, नातू दारात येणार होता. महिनाभर तिनं तेवढ्याचीच वाट पाहिली होती. तिनं त्याला बापाकडे फोन द्यायला सांगितलं.

“भाऊ, आठे वाघ शे,” ती लेकाला म्हणाली. “पोऱ्याले आनू नको.”

काय झालं, काय झालं, असं डिंपल मागून विचारत होती, तेवढं ऐकू येत होतं. मग योगराजचा आवाज आला, अगदी बारीक.

“आई, मग तू रोज कुठे चालत होतीस?”