फुगलेलं पीठ

इडलीचं पीठ विकून बंगळुरात मोठे झालेले चन्नप्पा दर सोमवारी पेपरात यशाचे धडे देत. ते लिहून द्यायची त्यांच्या ऑफिसातली नेत्रावती. या सोमवारचा लेख त्यांनी एआयकडून लिहून घेतला आणि तिला वाचायला दिला. “‘अपयश हाच माणसाचा खरा गुरू.’ सर, यात तुमचं अपयश कुठंय?” तिनं विचारलं. “माझं? अगं, पहिल्याच उन्हाळ्यात पिठाच्या पिशव्या दुकानदाराच्या फ्रिजमध्ये फुगून फुटल्या! दुपारभर पुसत होतो मी.” त्यांची बायको गौरम्मा कॉफी घेऊन आली होती, तिला हसू आवरेना. “पुसत होते मी! हे पायरीवर बसून रडत होते.” “हळू बोल! छापलं तर गाव हसेल.” “मी हसले होते का तेव्हा?” चन्नप्पांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. “खोड तो लेख, पोरी,” ते म्हणाले. “लिही: त्या दिवशी माझी बायको हसली नाही.”